पर्वती चढणारा गुडघा सायकललाच का दुखतो?

पत्र थोडक्यात असं: पुण्याच्या एकसष्ट वर्षांच्या एक वाचक लिहितात. त्यांची लेक आणि जावई नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला असतात. पुढच्या जूनमध्ये चौघांनी मिळून आठवडाभराची ‘सायकल आणि बोट’ सहल करावी, असं लेकीच्या मनात आहे. दिवसा नदीकाठाने सायकल चालवायची, रात्री बोटीवर झोपायचं आणि बोट रोज पुढच्या गावी जाऊन थांबणार. बाई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. कॉलेजला आणि नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्या सायकलनेच जात, पण १९८९ नंतर सायकलला हात लावलेला नाही. यजमान सहासष्टचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. ते म्हणाले, “पैसे मोजून हमाली कोणी सांगितलीय? माझ्या गुडघ्याला जमणार नाही. तुम्ही तिघं जा.” त्यापेक्षा ‘दहा दिवसांत सात देश’ ही बसची सहल त्यांना बरी वाटते. बाई विचारतात, यांना सोडून जाणं बरं दिसेल का? हट्टाने न्यावं का? की लेकीला नाही सांगून बसचं बुकिंग करून टाकावं? माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल ही धास्ती वेगळीच. पत्राखाली ताजा कलम आहे: “तसे हे रोज सकाळी पर्वती चढून येतात.”

*

ताई, चार पानं सरळ वाचत आले आणि त्या ताज्या कलमाशी अडले. तुम्ही ती ओळ सहज लिहिलीत की मुद्दाम, ते तुम्हालाच ठाऊक. रोज शंभराहून जास्त पायऱ्या चढून उतरणाऱ्या गुडघ्याने सपाट देशातल्या पायडलला भ्यावं, हे काही मला पटेना. पायऱ्या उतरताना गुडघ्यावर जेवढा भार येतो, तेवढा सीटवर बसून पाय फिरवताना येत नाही.

म्हणून पत्र पुन्हा वाचलं. त्यात तुमची कॉलेजची लेडीज सायकल आहे, लेकीची आहे, जावयाच्या तर तीन आहेत. यजमानांची जीप आहे, खात्याची, ड्रायव्हरसकट. सायकल मात्र कुठेच नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात तुम्ही त्यांना सायकलवर पाहिलंय का कधी?

माझा अंदाज चुकूही शकतो. पण सायकल मुळात शिकलेलीच नसणं, किंवा लहानपणी आपटल्यावर परत हात न लावणं, हे आपल्याकडे वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जणांचं असतं. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात जन्म काढलेल्या माणसाने, तेही तीन सायकली बाळगणाऱ्या जावयासमोर, हे कबूल कसं करायचं? त्यापेक्षा गुडघा बरा, त्याला कोणी उलटतपासणी करत नाही. तुम्हीही करू नका. “तुम्हाला येत नाही का हो?” हा प्रश्न घरात आयुष्यभर विचारला नसेल, तर आता व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर तर नकोच.

त्याऐवजी त्यांच्यासमोर बोट ठेवा.

या सहलीचं नाव ऐकलं की आपलं सगळं लक्ष सायकलीकडे जातं. तुमचं गेलं, त्यांचंही गेलं. पण यातल्या कितीतरी बोटी म्हणजे जुनी मालवाहू जहाजं आहेत. ज्या पोटात एके काळी वाळू, धान्य, कोळसा भरायचे तिथे आता केबिनी आहेत, वर काचेच्या खिडक्यांचं जेवणघर आणि त्याच्यावर खुर्च्या मांडलेला डेक. प्रवासी वीस-पंचवीस. शनिवार ते शनिवार असा आठवडा. सामान एकदाच केबिनमध्ये टाकायचं. सकाळी न्याहारी झाली की टेबलावरच्या ब्रेड-चीजमधून जो तो आपला दुपारचा डबा बांधतो, सायकलवाले निघतात, मग बोट दोर सोडते. आणि जो डेकवर राहिला तो राहिला, त्याला कोणी “का आला नाहीत?” असं विचारत नाही. मी गेले होते तेव्हा एक वयस्कर गृहस्थ सातही दिवस सायकलीला शिवले नाहीत. संध्याकाळी आम्ही घामाघूम परतायचो तर ते कॅप्टनच्या खोलीतून बाहेर येऊन आजचं पाणी कसं होतं ते सांगायचे. आम्हाला आमच्याच दिवसाची लाज वाटायची.

एक गोष्ट मात्र बुकिंगआधी पक्की विचारून घ्या: दिवसा बोट चालत असताना प्रवाशाला वर राहता येतं ना, आणि कोणत्या दिवशी ती कधी सुटते? एखाद्या दिवशी बोट पहाटेच निघते, एखाद्या दिवशी जागची हलतच नाही. सायकल न चालवणाऱ्याचा आठवडा या वेळापत्रकावर असतो.

आता मला राहवत नाही म्हणून लिहिते. तुमच्या यजमानांनी उभी नोकरी पाण्याच्या वाटपात घालवली आहे. त्यांना आयसेल नदीवर न्यायचं सोडून बसमधून सात देश दाखवायचे, हे म्हणजे गवयाला मैफलीच्या दाराशी नेऊन चपला सांभाळायला बसवण्यासारखं आहे. ऱ्हाइन जर्मनीतून नेदरलँड्समध्ये शिरते आणि थोड्याच अंतरावर, पानर्डनजवळ फुटते. साधारण दोन तृतीयांश पाणी वाल नावाच्या फाट्याने पश्चिमेला जातं. उरलेलं आर्नहेमजवळ पुन्हा फुटतं: एक फाटा नेदरऱ्हाइन, तोच पुढे लेक होतो (हो, नदीचं नाव लेक, तुम्हाला बोलावणं कोणाचं आलंय ते पाहा), आणि दुसरा, सर्वांत धाकटा, उत्तरेला जाणारा आयसेल. कोणाला किती पाणी, हे दैवावर सोडलेलं नाही. आर्नहेमजवळ ड्रील इथे १९७० साली बांधून झालेला बंधारा आहे, त्याचे कमानदार दरवाजे शिरस्त्राणाच्या झापेसारखे वर-खाली होतात. नदीला पाणी कमी झालं की ते खाली येतात आणि पाणी आयसेलकडे वळतं, तिथून उत्तरेच्या मोठ्या गोड्या तळ्यात. तिकडचे लोक त्या बंधाऱ्याला देशाचा नळ म्हणतात. नळ कोणी सोडायचा आणि कोणी बंद करायचा यावर ज्यांनी शेतकऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या सभा सोसल्या, त्यांना यातलं काय काय दिसेल, ते तुम्हा-आम्हाला दिसणार नाही.

आणि पुण्याच्या पाटबंधारेवाल्याला पानशेत हा शब्द उच्चारून दाखवावा लागत नाही. तिकडे १९९५ च्या हिवाळ्यात नद्या इतक्या चढल्या की बांध टिकतील याची खात्री राहिली नाही, आणि सुमारे अडीच लाख माणसं, गुराढोरांसकट, हलवावी लागली. बांध टिकले. पण त्यानंतर देशाने विचारच बदलला: बांध उंच करत बसण्याऐवजी नदीलाच जागा द्यायची. कुठे बांध मागे सरकवले, कुठे पुराच्या पाण्यासाठी वेगळी वाट खणली. आयसेलकाठी फेसेन आणि वापेनफेल्ड या गावांमध्ये अशी आठेक किलोमीटरची वाट आहे. एरवी तिथे शेती आणि गवत असतं, पूर आला तरच तिथून नदी जाणार. हे डेकवरून कोणीतरी समजावून सांगायला हवं, आणि तुमच्या चौघांत ते काम एकालाच जमेल. त्यांना हे परिच्छेद वाचायला द्या. मी पाठवलेत म्हणू नका, टेबलावर उघडे ठेवा.

यावरही ते नाही म्हणाले तर? मग ताई, “तुम्ही तिघं जा” याचा अर्थ “तुम्ही तिघं जा” असाच घ्या. आपण बायका नवऱ्याच्या साध्या वाक्याखाली तळघर शोधत बसतो. कधी असतं, कधी नसतं. त्यांना आठ दिवस आपल्या घरात, आपल्या वेळेला चहा पिऊन, पर्वती चढून यायचं असेल, तर ती शिक्षा नव्हे. लोक काय म्हणतील याला मी एक ओळही देणार नाही. जावई काय म्हणेल म्हणता, तर तो एवढंच म्हणेल की एका सायकलचं भाडं वाचलं.

बसच्या सहलीला मी नावं ठेवत नाही, माझ्या आईने तिचा जन्मभर आनंद सांगितला. बरोबर महाराज असतो, वरण-भात मिळतो, डोकं बाजूला ठेवून फिरता येतं. पण दिवसाचे सहा-सात तास सीटवर बसणं गुडघ्याला फार मानवतं असं नाही. आणि त्या सात देशांत लेकीच्या वाट्याला तुम्ही हॉटेलच्या लॉबीतली एक संध्याकाळ याल. ती सहल पुढच्या वर्षीही निघेल.

आता तुमच्याकडे वळते, कारण खोळंब्याची भीती मला गुडघ्यापेक्षा खरी वाटते.

“तिकडे सगळं सपाट आहे, आई, तुला सहज जमेल,” असं लेक म्हणाली. सपाट आहे हे खरं. सहज आहे हे वाऱ्यावर अवलंबून आहे. नदीकाठचा रस्ता बांधाच्या माथ्यावरून जातो, आडोशाला झाड नाही, भिंत नाही, दोन्हीकडे उतारावर मेंढ्या. झुटफेन ते डेव्हेंटर, वीसेक किलोमीटर, मला समोरून वारा लागला होता. पाय मारते आहे आणि चर्चचा तोच मनोरा तिथेच उभा. शेवटी उतरून बांधाच्या खालच्या अंगाला गवतात बसले आणि डब्यातला ब्रेड खाल्ला. खाली वाऱ्याचा पत्ता नाही, वर गवत आडवं झालेलं. तेव्हा आपला घाट आठवला, त्याचा माथा निदान दिसतो तरी.

म्हणून तुम्ही ई-सायकल घ्या. यात कमीपणा नाही, तिथल्या तुमच्या वयाच्या निम्म्या बायका त्यावरच दिसतात. बोटीवर त्या मोजक्या असतात आणि भाडं वेगळं असतं, तेव्हा बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, जूनच्या मोसमात तर नक्कीच. मात्र ती साध्या सायकलीपेक्षा बरीच जड असते आणि पायडलवर पाय पडताच पुढे झेपावते. सिग्नलला थांबलात की दोन्ही पाय जमिनीवर, पायडलवर पाय टेकवून उभं राहायचं नाही. धडपड होते ती चालवताना नाही, चढता-उतरताना.

दुसरी गोष्ट ब्रेकची. तिकडच्या पुष्कळ सायकलींना पायब्रेक असतो, पायडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. आपली सवय काय? निघताना पायडल उलटं फिरवून वर आणायचं आणि त्यावर जोर देऊन निघायचं. तिथे ते उलटं फिरतच नाही. पहिल्या सकाळी धक्क्यावर मी दहा मिनिटं पायडलशी भांडत होते. हातब्रेकची सायकल हवी असेल तर तीही आधी मागता येते.

तिसरी, रस्त्याची बाजू. तिकडे उजवीकडून चालायचं. सरळ रस्त्यावर ते अंगवळणी पडतं, चुकतं ते डावीकडे वळताना आणि डबा खाऊन पुन्हा निघताना. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग दिसली आणि टोकं तुमच्याकडे असली, की थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. चालवताना मोबाइल हातात धरायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. हेल्मेटची सक्ती नाही, पण मी घातलं होतं, तुम्हीही घाला, हसू दे हसले तर. आणि ओढणी घरी ठेवा. चाकात गेलेली ओढणी मी पाहिली आहे, ती इथे, कर्वे रस्त्यावर.

खोळंब्याचं म्हणाल तर सहली दोन तऱ्हेच्या असतात. एकीत पुढे वाटाड्या आणि मागे सगळ्यांची रांग. तिथे खरंच मागे पडल्यासारखं वाटतं. दुसरीत हातात रोजचा मार्ग देतात, आपापल्या वेगाने जायचं, संध्याकाळी जेवणाआधी बोटीवर पोहोचायचं. तुम्ही चौघं असाल की तिघं, ही दुसरी घ्या. वाट चुकण्याची भीती फारशी नाही, कारण देशभर सायकलच्या चौकांना आकडे दिलेले आहेत. हिरव्या-पांढऱ्या पाट्यांवर पुढचा आकडा आणि बाण. चिठ्ठीवर आजचे दहा-बारा आकडे लिहून हँडलला अडकवले की झालं, जावई पाच मैल पुढे गेला तरी बिघडत नाही. (ही आकड्यांची कल्पना मूळची शेजारच्या बेल्जियमची, एका खाण-अभियंत्याची. यजमानांना सांगा, अभियंत्यांना असलं आवडतं.)

मार्ग निवडायचा तर मी आयसेलचाच सुचवेन, आणि आर्नहेमकडून उत्तरेला कांपेनकडे. वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे पाठीशी असण्याची शक्यता जास्त. नदी सगळी मिळून सव्वाशे किलोमीटर, गावांमधली अंतरं वीस-पंचवीसच्या आसपास. झुटफेनला साखळ्यांनी टेबलाला बांधलेल्या पुस्तकांचं सोळाव्या शतकातलं ग्रंथालय, वाटेत ब्रोंकहॉर्स्ट नावाचं दीड-दोनशे वस्तीचं गाव, जे १४८२ च्या सनदेच्या जोरावर स्वतःला शहर म्हणवतं, शेवटी कांपेनचा सोनेरी चाकांचा उचलपूल. पण माझं खरं कारण वेगळं आहे. आर्नहेम, झुटफेन, डेव्हेंटर, झ्वोले, कांपेन, सगळीकडे रेल्वे स्टेशन आहे. झुटफेनहून डेव्हेंटरला गाडीने पंधरा मिनिटंही लागत नाहीत. नाहीच जमलं एखाद्या दिवशी, तर तिकीट काढा, बोटीच्या आधी पोहोचाल. पवनचक्क्यांची हौस असेल तर लेक नदीकडचा मार्ग, किंडरडाइकला एकोणीस उभ्या आहेत, पण पुढे रॉटरडॅम-डॉर्डरेख्टकडचं पाणी आणि रस्ते दोन्ही वर्दळीचे. पहिल्या खेपेला नको.

बोटीबद्दल एकच इशारा, आणि तो सायकलीपेक्षा महत्त्वाचा. खालच्या केबिनीला जाणारा जिना म्हणजे जवळजवळ माळ्याची शिडी असते. केबिन एवढीशी, एकाने कपडे बदलले की दुसऱ्याने पलंगावर पाय घ्यायचे. काही ठिकाणी पलंग एकावर एक असतात. म्हणून नकाशा मागवा, दोन्ही पलंग खाली आहेत का पाहा, वरच्या मजल्यावर केबिन असेल तर जादा पैसे तिथे घाला. गावात जागा नसली की बोटी एकमेकींना बांधतात आणि शेजारणीच्या डेकवरून उतरावं लागतं. गुडघ्याचा प्रश्न खरा असेल तर तो इथे आहे. यजमान येणार नसतील तर ते आताच ठरवून घ्या, कारण एकट्या माणसाला केबिनचे जादा पैसे पडतात. त्यापेक्षा लेकीबरोबर केबिन घ्या आणि जावयाला एकट्याला घोरू द्या.

खाण्याचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण काळजी तीच जास्त दिसली. शाकाहारी जेवण आधी कळवलं तर मिळतं. ‘शाकाहारी’ एवढंच लिहून थांबू नका. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, सूपला मांसाचं पाणी नाही, असं वेगवेगळं लिहा. पारंपरिक खाउडा चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. तुम्हाला ते चालत नसेल तर तेही लिहा. सोबत लसणाची चटणी, मेतकूट, बाकरवडी न्या. तूप, पेढे, बर्फी मात्र नको, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. गावच्या जत्रेत साखर भुरभुरलेले चिमुकले आप्पे दिसतील, त्यांना पोफर्चेस म्हणतात आणि तवाही आपल्या आप्पेपात्राचाच भाऊ. पिठात अंडं असतं, एवढं लक्षात ठेवा.

खर्च माणशी हजार ते दीड हजार युरो धरा, विमान वेगळं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो, आणि विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. विम्याच्या कागदात सायकलवरचा अपघात धरलाय का, ते बारीक अक्षरात वाचा. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला हे सांगायला नको.

जूनला अवकाश आहे. उद्यापासून शेजारच्या मुलीची सायकल मागा, सकाळी सहाच्या आत, रस्ते जागे व्हायच्या आधी. पाच किलोमीटरपासून पंचवीसपर्यंत या. पंचवीस जमले की लगोलग दुसऱ्या दिवशीही पंचवीस करून पाहा. खरी कळ दुसऱ्या दिवशी सीटवर बसताना कळते, आणि बोटीवर दुसऱ्या दिवसानंतर अजून चार असतात. गादीवाली चड्डी याच वेळी घेऊन टाका, दुकानात लाजू नका.

एक राहिलं. बुकिंगच्या फॉर्मवर प्रत्येकाची उंची विचारतात, त्यावरून सायकल काढून ठेवतात. डच माणसं ताडमाड, त्यांच्या सायकलीही तशाच. मी पाच फूट लिहिलं होतं. पहिल्या सकाळी खलाशाने सीट शेवटच्या खाचेपर्यंत खाली आणली तरी माझे अंगठे जेमतेम टेकत होते, आणि त्या दिवशी दुसरी सायकल नव्हती. दोष त्याचा नव्हता. उंची मोजताना चपला काढून मोजा.